देश तसा वेश : मॉरिशस बेटातील रीतिभाती

"देश तसा वेश" ही म्हण आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु तिचा अर्थ अंगावरील कपड्यांपुरताच आहे असे समजणे योग्य होणार नाही. परक्या मुलखात पाऊल टाकताना तेथील माणसे कशी बोलतात, कोणत्या गोष्टीस मान देतात आणि कोणत्या शब्दाने दुखावतात, हे जाणून घेऊन वागणे हाच त्या म्हणीचा खरा भावार्थ होय. हे ज्ञान ज्याच्यापाशी नाही त्याने सारी पृथ्वी पालथी घातली तरी त्याचे मन गावच्या वेशीबाहेर पडले असे म्हणता येत नाही.

पूर्वी समुद्रपर्यटन ही विरळा गोष्ट होती. आता मुंबईहून विमानाने निघालेला मनुष्य सहा-सात तासांत हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर उतरतो, आणि आपल्या मावळातूनही हौसेने तेथे जाणारी कुटुंबे व नवविवाहित जोडपी आढळू लागली आहेत. ही मंडळी निळे पाणी व पांढरी वाळू पाहून, छायाचित्रे काढून परत येतात. परंतु ज्या बेटावर गणेशोत्सवाची सरकारी सुटी असते, जेथे मराठी ही शाळेत शिकविली जाते आणि जेथे आपलेच भाऊबंद पाच-सहा पिढ्यांपासून नांदत आहेत, त्या बेटाची खरी ओळख करून न घेता परतणे म्हणजे देवळापर्यंत जाऊन दर्शनावाचून मागे फिरण्यासारखे आहे. म्हणून तेथील रीतिभातींविषयी चार शब्द विद्यार्थी व पालक यांच्यासाठी लिहीत आहे.

बेट आणि तेथील ऋतू

मॉरिशस हे लहानसे बेट आहे. आपल्या पुणे जिल्ह्याचे आठ भाग केले तर त्यांतील एका भागाएवढेच त्याचे क्षेत्रफळ भरेल. लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. विद्यार्थ्यांनी नकाशा उघडून पाहावे. इंदुरी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेस सुमारे २० अंशांवर आहे. विषुववृत्त ही घडी मानून कागद दुमडला तर दोन्ही स्थळे जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर येतील. यामुळे प्रवाशास पहिला अचंबा वाटतो तो ऋतूंचा. आपल्याकडे नाताळात थंडी असते, तर तेथे तो भर उन्हाळा. आपला गुलमोहर मे महिन्यात पेटतो. तेथील गुलमोहर नाताळाच्या सुमारास लाल होतो. वर्षाचा बहुतेक काळ मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कललेला दिसतो आणि रात्री आकाशात ध्रुवतारा शोधू गेल्यास तो सापडत नाही, कारण तो क्षितिजाखाली राहतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. लोणावळ्याचा घाट चढताना जो काळा कातळ आपण पाहतो तो बेसाल्ट होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून तो बनला. भूशास्त्रज्ञांचे मत असे आहे की, भूगर्भातील ज्या तप्त स्थानामुळे दख्खनचे पठार निर्माण झाले त्याच स्थानाने, आपली भूमी उत्तरेकडे सरकून गेल्यावर, ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस बेट समुद्रातून वर काढले. आणि आज त्याच स्थानावर असलेल्या शेजारच्या रेयुनियाँ बेटावरील ज्वालामुखी अद्याप जागा आहे. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. ते दगड वेचून जमीन लागवडीस आणणाऱ्या हातांमध्ये आपल्या कोकणातील माणसांचे हातही होते.

माणसे तेथे कशी गेली

या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणीच नव्हते. १५९८ साली डच लोक तेथे उतरले व त्यांनी आपल्या मॉरिस नामक राजपुत्राचे नाव बेटास दिले. डोडो नावाचा न उडणारा पक्षी त्यांच्याच काळात निर्वंश होऊ लागला आणि सतरावे शतक संपण्यापूर्वी नाहीसा झाला. डच निघून गेल्यावर १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतले आणि आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणून मळे वसविले. १८१० मध्ये ते इंग्रजांच्या हाती आले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना मजूर हवे होते. त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरास लागले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख लोक या मार्गाने गेले. बहुसंख्य बिहार व संयुक्त प्रांतातील, त्याखालोखाल मद्रासकडील, आणि मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषिक, विशेषतः रत्नागिरी व आसपासच्या मुलखातील. करार पाच वर्षांचा; पुरुषाची मजुरी आरंभी महिना पाच रुपये व शिधा. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची क्रूर प्रथा होती. वेस्ट इंडीज बेटांतही याच पद्धतीने आपले लोक गेले. ३० मे १८४५ रोजी त्रिनिदाद येथे पोहोचलेले 'फतेल रझाक' हे जहाज त्या बेटावर आलेले पहिले. मात्र त्रिनिदादला गेलेले बहुतेक उत्तर हिंदुस्थानी होते. मराठी समाज म्हणून ओळख टिकवून राहिलेले आपले लोक पाहावयाचे तर मॉरिशसलाच गेले पाहिजे.

पोर्ट लुई येथे ज्या घाटावर हे लोक उतरत त्याच्या दगडी पायऱ्या अद्याप आहेत. त्यास पूर्वी 'कुली घाट' म्हणत. आता 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर हे दोन्ही दिवस तेथे राष्ट्रीय सुटीचे आहेत : एक गुलामगिरीच्या अंताचा, दुसरा मजुरांच्या आगमनाचा. आपल्या पूर्वजांच्या दैन्याची स्मृती लपवून न ठेवता ती सर्व राष्ट्राने मिळून पाळावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १२ मार्च १९६८ रोजी बेट स्वतंत्र झाले व १९९२ मध्ये त्याच तारखेस प्रजासत्ताक बनले. ही तारीख महात्मा गांधींच्या दांडीयात्रेच्या प्रारंभाची आहे; स्वतः गांधीजी १९०१ साली आफ्रिकेतून परतताना काही दिवस या बेटावर राहिले होते.

भाषेची चमत्कृती

इंग्रजांनी १५८ वर्षे राज्य केले, तरी तेथे इंग्रजी घराघरांत शिरली नाही. याचे कारण १८१० च्या तहात सापडते. रहिवाशांचा धर्म, कायदे व चालीरीती यांना धक्का लावणार नाही, असे वचन इंग्रजांनी त्या वेळी दिले होते. त्यामुळे आज विधिमंडळाचा कारभार मुख्यत्वे इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये, आणि बाजारातील व घरातील बोलणे क्रेओल भाषेत चालते. क्रेओल ही मळ्यांवर जन्मलेली बोली. तिचे शब्द बहुतेक फ्रेंचमधून आलेले, परंतु घडण तिची स्वतःची. तेथे दुकानात शिरताच वस्तू मागण्यापूर्वी 'बोंजूर' म्हणून अभिवादन करण्याचा शिष्टाचार आहे. तो न पाळता एकदम भाव विचारणारा मनुष्य उद्धट समजला जातो. ओळखीच्या माणसास 'कि मान्येर?' म्हणजे 'कसे काय?' असे विचारतात. एवढे दोन शब्द शिकून गेलेल्या पाहुण्याचे स्वागत निराळेच होते.

मराठी घरांतही आज रोजचे बोलणे बहुतेक क्रेओलमध्ये होते; मराठी उरली आहे ती देव्हाऱ्यात, आरतीत, सणावारी आणि शाळेच्या तासाला. प्राथमिक शाळांत ती पूर्वजांची भाषा म्हणून ऐच्छिक विषय आहे, आणि मोका येथील १९७० साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते. १९९१ साली दुसरी जागतिक मराठी परिषद याच बेटावर भरली होती.

नावात काय आहे

आपल्याकडील प्रवाशास सर्वांत गोंधळात पाडणारी गोष्ट म्हणजे तेथील आडनावे. रामजी, बाबाजी, सखाराम, गंगाराम ही आपली ठेवणीतली नावे. तेथे ती आडनावे आहेत! घाटावर उतरलेल्या मजुराची नोंद करताना कारकून त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंची व अंगावरील खुणा लिहून घेई आणि त्यास एक क्रमांक देई. आडनावाची चौकशी बहुधा होत नसे. पुढे त्या मजुराचे एकटे नावच त्याच्या मुलाबाळांच्या नावापुढे लागले व कायमचे आडनाव झाले. शिवाय कारकून कानाला जसे ऐकू येई तसे परकीय वळणाने लिही. त्यामुळे माणसांची व गावांची नावे पुष्कळदा ओळखू न येण्याइतकी बदलली.

यातून दोन बोध घ्यावयाचे. एक, आडनावावरून जात ताडण्याची आपली खोड तेथे निरुपयोगी आहे, आणि ती येथेही सोडून दिल्यास काही बिघडणार नाही. दुसरा, तेथील मनुष्यास आपल्या मूळ गावाचा शोध घ्यावयाचा झाल्यास त्या जुन्या नोंदींतील क्रमांक हाच एक धागा त्याच्या हाती असतो. महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. लोक तेथे जाऊन आपल्या खापरपणजोबांचा क्रमांक शोधतात.

आणखी एक गंमत. तेथे बोलताना 'हिंदू' म्हटले म्हणजे सामान्यतः उत्तर हिंदुस्थानी वंशाचे लोक असा अर्थ घेतात. मराठी, तमिळ व तेलुगू यांचा उल्लेख स्वतंत्र होतो. शिरगणतीत कित्येक जण धर्माच्या रकान्यात 'मराठी' असे लिहितात! आपणांस हसू येईल. परंतु ज्यांच्यापाशी पूर्वजांचा गाव, आडनाव व नित्याची बोली यांपैकी काहीच उरले नाही, त्यांनी 'मराठी' हा एकच शब्द किती घट्ट धरून ठेवला आहे, हे त्यावरून दिसून येते.

सण आणि यात्रा

मराठी मंडळींचा मुख्य सण गणेशोत्सव. तो तेथे १८९६ पासून चालत आला आहे. आपल्याकडे चतुर्थीस स्थापना झाली म्हणजे पुढे दीड, पाच, सात किंवा दहा दिवस चालते. तेथे बहुधा दुसऱ्या दिवशीच, म्हणजे कोकणातील दीड दिवसाच्या गणपतीप्रमाणे, नदीत अथवा समुद्रात विसर्जन होते, आणि सरकारी सुटीही त्याच दिवशी पडते. मिरवणुकीत 'झाकरी' नावाचे नृत्य करतात. कोकणातील ज्या वाचकांनी जाखडीचा नाच पाहिला असेल त्यांना हे नाव कोठून आले ते सांगणे नको. बेटाच्या पश्चिम भागात कास्कावेल येथे विठ्ठल-रखुमाईचे मंदिर आहे. इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्या आणि भंडाऱ्याचा डोंगर रोज दारातून पाहणाऱ्या आपल्या गावकऱ्यांना, तोच विठ्ठल इतक्या दूर उसाच्या मळ्यांत उभा आहे, हे ऐकून नवल वाटेल.

सणापूर्वी मांसाहार वर्ज्य करण्याचे व्रत तेथील हिंदू पाळतात, आणि त्याला 'कारेम' म्हणतात. हा शब्द ख्रिस्ती मंडळींच्या उपवासकाळाच्या फ्रेंच नावावरून आलेला आहे. अशा रीतीने एका धर्माचा शब्द दुसऱ्या धर्माच्या घरात पाहुणा म्हणून आला व घरचाच होऊन राहिला.

महाशिवरात्रीस बेटाच्या मध्यभागातील गंगा तलाव येथे मोठी यात्रा भरते. १८९७ साली त्रिओले गावच्या एका पुजाऱ्यास या तलावाचे पाणी गंगेशी जोडलेले असल्याचे स्वप्न पडले, अशी कथा आहे. पुढील वर्षी काही भाविक पायी तेथे गेले आणि यात्रेस आरंभ झाला. १९७२ मध्ये गंगेचे पाणी आणून त्यात मिसळण्यात आले. आज लक्षावधी लोक पांढरी वस्त्रे नेसून, खांद्यावर सजविलेल्या कावडी घेऊन पायी निघतात, आणि वाटेवरील लोक त्यांना पाणी, सरबत व खाद्यपदार्थ देतात. आपली वारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

सप्टेंबर महिन्यात दुसरी एक यात्रा असते. जाक देझिरे लावाल हे फ्रेंच धर्मगुरू १८४१ साली या बेटावर आले. मूळचे ते वैद्य. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांमध्ये त्यांनी आपले सारे आयुष्य घालविले, त्यांची बोली शिकून ते तीतच बोलत, आणि ९ सप्टेंबर १८६४ रोजी त्यांचा अंत झाला. दरवर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री हजारो लोक पोर्ट लुईजवळील त्यांच्या कबरीकडे चालत जातात. त्यांत ख्रिस्ती असतात तसेच हिंदू व मुसलमानही असतात. सेवेची भाषा सर्वांना कळते, हे यावरून स्पष्ट होते.

खाणेपिणे

रस्त्यावर मिळणारा तेथील सर्वांचा आवडता पदार्थ म्हणजे डाळपुरी. पिवळ्या डाळीचे सारण भरलेली पातळ पोळी. ती नेहमी जोडीने विकतात व वर घेवड्याची रस्साभाजी, टोमॅटोचा 'रुगाय' आणि तिखट लावून कागदात गुंडाळून देतात. बिहारी मजुराची ही शिदोरी आज चिनी, क्रेओल, मुसलमान सारेच खातात. चहात व्हॅनिलाचा सुवास असतो. आले-वेलदोड्याची सवय असलेल्या जिभेने त्यास नावे ठेवण्याची घाई करू नये. तमिळ पद्धतीच्या समारंभांत केळीच्या पानावर सात भाज्यांचे शाकाहारी जेवण वाढतात. खरेदी करताना तेथेही नाणे रुपयाचेच. फक्त तो मॉरिशसचा रुपया, आणि त्याच्या नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ व हिंदी अक्षरेही छापलेली असतात.

पाहुण्याचे वर्तन

आता प्रवाशाने काय सांभाळावे ते थोडक्यात सांगतो. समुद्रस्नानाचे कपडे समुद्रकाठीच शोभतात. त्याच वेशाने गावात किंवा बाजारात फिरणे तेथे असभ्य मानतात. देवळात व पुष्कळ घरांतही पादत्राणे बाहेर काढावी लागतात. पूजेचे किंवा यात्रेचे छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी मागावी. 'कुली' हा शब्द चुकूनही तोंडातून काढू नये. त्या शब्दाखाली त्यांच्या आजे-पणजांनी पाठीवर काय काय सोसले याची आठवण त्यांना असते. 'तुम्ही तर आमचेच, हिंदुस्थानी!' असे म्हणून गळ्यात पडण्यापूर्वीही थोडे थांबावे. ते मॉरिशसचे नागरिक आहेत व त्या गोष्टीचा त्यांना रास्त अभिमान आहे. नाते आहे, परंतु ते त्यांनी सांगावे व आपण आदराने ऐकावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. तेथील एखादा वृद्ध मराठी गृहस्थ किंवा शाळकरी मुलगी आपल्याशी मराठीत बोलू लागली, तर तिचे उच्चार निराळे असतील, लिंगवचनात चूक होईल, मध्येच क्रेओल शब्द येईल. अशा वेळी आपण हसलो तर काय होईल? ती पुन्हा मराठीचे एक वाक्यही उच्चारणार नाही. जी भाषा सातासमुद्रापलीकडे, उसाच्या फडात, कोणत्याही राजाश्रयावाचून, केवळ आई-आजीच्या तोंडून दीडशेहून अधिक वर्षे जगली, ती आपल्या एका हास्याने मेली असे होऊ नये. आपल्याला मराठी सहज मिळाली; त्यांनी ती कष्टाने राखली. ज्याने कष्टाने राखले त्याचा मान अधिक.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी काही जण मोठेपणी त्या बेटावर जातील. काहींच्या दाराशी कदाचित तिकडचाच कोणी मनुष्य जुन्या कागदावरील क्रमांक व मोडक्या अक्षरांत लिहिलेले एखाद्या गावाचे नाव घेऊन येईल. त्याला 'असे गाव येथे नाही' असे सांगून वाटेस लावू नका. बसावयास सांगा, पाणी द्या, ते नाव दोन-चार प्रकारे उच्चारून पाहा, तलाठ्याकडे व गावातील वडीलधाऱ्यांकडे त्याला घेऊन जा. गाव सापडो वा न सापडो, मराठी मुलखात आपले कोणी आहे, एवढे समाधान घेऊन तो परत गेला पाहिजे. परदेशच्या रीतिभाती शिकण्याचा खरा उपयोग हाच की, त्यामुळे आपण आपल्या दारी आलेल्या परक्याशी अधिक चांगले वागू लागतो.